परवा आलो

"ए म्हाताऱ्या, खुर्चीला हात नको लावू. खाली बस. तुमचे सगळे खालीच बसलेत ना?"

शिपाई असा ओरडला तेव्हा माझा बाप खुर्चीवर बसला नव्हता. नुसता तिच्या पाठीला हात टेकवून उभा होता. आमच्या वाडीतनं रस्त्याला लागायचं तर दीड तास डोंगर उतरायचा, मग मिनीडोर रिक्षात कोंबून घ्यायचं. त्याचा गुडघा धरला होता, म्हणून टेकला. आवाज ऐकल्याबरोबर त्यानं चटका बसल्यासारखा हात काढला आणि फरशीवर बसला. वर त्या शिपायालाच हात जोडले.

धरणाची सुनावणी होती. आमच्या नदीवर धरण होणार, आमची वाडी पाण्याखाली जाणार. तर कोण इथला, कोण नाय, कुणाला दुसरीकडं गावठाण द्यायचं आणि कुणाला नुसतं हाकलायचं, हे ठरवायला खालच्या गावच्या हॉलात साहेब लोक टेबल मांडून बसले होते. खुर्च्यांवर खालचं गाव. फरशीवर आम्ही कातकरी. असं बसा म्हणून कुणी सांगितलेलं नव्हतं. शिपायाला सुद्धा एकदाच ओरडायला लागलं.

साहेबानं कागद उचलला. बाचं नाव वाचलं.

"हे तुम्हीच?"

"व्हय साहेब."

"तीन वर्षांपूर्वी पाहणी झाली. तेव्हा तुम्हाला विचारलं होतं, या जागेवर कधी आलात. काय सांगितलंत तुम्ही?"

बा माझ्याकडं बघायला लागला. त्याला आठवत होतं, पण साहेबाला काय पाहिजे ते कळत नव्हतं.

"राहू दे, मीच वाचतो," साहेब बोलला. आणि कागद घेऊन बाच्याकडं नाय, खुर्च्यांकडं तोंड केलं. "सदर इसम विचारता सांगतो की, आम्ही परवा आलो."

हॉल हसला. सगळ्यांत जोरात शेठ हसला. आमची वाडी ज्या डोंगरउतारावर हाय तो सातबाऱ्यावर ह्या शेठच्या नावावर. त्याच्या आजोबाच्या नावावर कसा गेला ते आमच्यातल्या कुणाला सांगता येत नाय, कारण तेव्हा पण आम्हाला कुणी वाचून दाखवलं नव्हतं.

"परवा आले आणि आज गावठाण मागतायत!" शेठ बोलला. "कशानं आलात रं? बुलेट ट्रेननं?"

बाला वाटलं, आपल्याला खरंच विचारतायत. तो गुडघ्यावर उठला आणि बोलला, "नाय शेठ. टेम्पोनं आलतो. परवाच आलतो, खरं हाय ते."

मग काय, हॉल नुसता फुटला. लिहून घेणाऱ्या कारकुनानं पेन खाली ठेवून डोळे पुसले.

आणि मी काय केलं? मी माझ्या बापाच्या दंडाला धरून खाली ओढलं आणि बोलले, "गप बस ना बा. तुला काय कळतं?"

हे मी आधीच सांगून टाकते. पुढचं सगळं सांगताना मी लय शहाणी होते असं कुणाला वाटायला नको. मला दुपारच्या शिफ्टला परस्पर जायचं होतं, म्हणून अंगात कंपनीचा युनिफॉर्म होता. निळा शर्ट, खिशाला कार्ड. खुर्च्यांवरच्या दोन बायका माझ्याकडं बघत होत्या, ही चांगल्या कपड्यातली पोरगी ह्यांच्यात काय करते म्हणून. मी बापाचा दंड सोडला आणि हातभर लांब सरकून बसले. त्यानं ते बघितलं.

*

आमची नदी सरकारी नकाशात नाला म्हणून हाय. आम्ही तिला बय म्हणतो. बय म्हणजे आई. पेण आणि रोह्याच्या मधल्या डोंगरात उगवते, कातळावरनं उड्या मारत खाली येते आणि पुढं खाडीत जाऊन खारी होते. डोंगरात तिचे कोंड हायत, म्हणजे खोल डोह. प्रत्येक कोंडाला नाव हाय. भुताचा कोंड, म्हशीबुडीचा कोंड, बाळंतिणीचा कोंड. बाळंतिणीच्या कोंडात कुणी माशाला हात लावत नाय. उपाशी असला तरी नाय. खवली मासे तिथं अंडी सोडतात. असा कायदा कागदावर कुठंच नाय आणि आजवर तो मोडलेला मी बघितला नाय.

आमच्यात पोर जन्मलं की पहिलं पाणी बयचं. मेला की वरच्या काठाला माती, डोक्याशी नदीतनंच आणलेला एक उभा दगड. माझ्या आजाचा दगड हाय, त्याच्या आजाचा हाय. त्याच्या मागचे दगड कुणाचे ते नावानं ठाऊक नाय, पण तिथनं जाताना आय पदर डोक्यावर घेते. माझा बा दगडाखाली हात घालून नुसत्या बोटांनी सांगतो, खाली चिंबोरी हाय की सापमासा. पाणी बघून सांगतो, वर घाटात किती पडला. त्याला बाकी काय येत नाय, सही येत नाय, घड्याळ कळत नाय. पण बयच्या काठावर त्याच्याएवढा शिकलेला माणूस मी बघितला नाय.

आता ते "परवा आलो" काय प्रकरण, ते सांगते. कारण ते आमच्याशिवाय कुणाला उमगायचं नाय.

दिवाळी झाली की आमची वाडी वीटभट्टीला जाते. जिते गावाच्या पलीकडं, पेणच्या आसपास, कधी लांब पनवेलकडं. मुकादमाचा टेम्पो खाली रस्त्याला येतो, भांडी चढतात, कोंबड्या चढतात, पोरं चढतात. सहा महिने विटा पाडायच्या. पावसाच्या तोंडावर भट्टी थंड झाली की परत वाडीत. ही सगळी माणसं वेगवेगळ्या भट्टीवरनं वेगवेगळ्या दिवशी येतात. त्यामुळं त्या दिवसांत वाडीत, वाटेवर, नदीवर, कोण कुणाला भेटलं की पहिलं हेच. "कधी आलात गो?" "परवा आलो." "तुम्ही?" "आम्हाला चार दिस झाले." आमच्यात रामराम नाय, हेच. वर्षातनं एकदा, त्याच दिवसांत. आणि विचारणाऱ्याला बरं वाटतं, की हे पण पोचले, जिवंत पोचले.

त्या साली पाहणीवाला नेमका तेव्हाच आला. बा भट्टीवरनं येऊन तिसरा दिवस. पाहणीवाला दारात आला, बानं त्याला सावलीत बसवलं, काळा चहा दिला. त्यानं कागद काढून विचारलं, "कधी आलात?"

बाला वाटलं, हा आपली विचारपूस करतोय.

"परवा आलो," बा खुशीत बोलला. अंगठा दिला.

आणि माझा बा नंतर तीन वर्षं हे लोकांना सांगत होता. सगळ्यात वाईट ते वाटतं मला. गडब गावच्या नाक्यावर, भट्टीवर, पावण्यांत. "सायेब आलता. माझ्या दारात बसला. मला इचारलं, कधी आलास म्हणून. आपल्या माणसासारखा इचारत व्हता बग." आयुष्यात एकदा कुणीतरी पॅन्टवाल्यानं त्याला माणसासारखं विचारलं होतं. इथं राहायला कधी आलात असा पण एक सवाल असतो, हे त्याच्या डोक्यातच नव्हतं. असणार कुठनं? तिथं तो कुठनं आलाच नव्हता. तिथलाच होता.

*

हॉलातनं निघाल्यावर मिनीडोरमध्ये तो माझ्या समोर बसला होता. मांडीवर हात, अंगठ्याला हॉलातल्या हजेरीची निळी शाई. नाक्यावर उतरल्यावर बोलला.

"माझ्याच तोंडानं वाडी बुडवली गो मी."

"तू नाय रं बुडवलीस."

"मीच. मोठा शाना. चहा दिला त्याला."

आणि वाटेच्या कडेला बसून माझा बाप रडला. लोक भाजी घेत होते, रिक्षावाले हाका मारत होते, आणि तो कांद्याच्या गाडीशेजारी बसून पोरासारखा रडत होता. मला कंपनीची बस दिसत होती, येऊन लागलेली. मी काय केलं असेल? बस पकडली. बाला बोलले, "तू जा घरी, मी येते." शिफ्ट बुडली असती तर ठेकेदारानं कार्ड काढून घेतलं असतं, हे खरं हाय. पण बसमध्ये बसल्यावर मला बरं वाटलं, हे पण खरं हाय.

रोह्याला मी कंपनीत पॅकिंगला हाय. आश्रमशाळेत बारावी केली, वाडीतली पहिली. बसमध्ये, लाईनवर, कुणी विचारलं कुठली गो तू, तर मी सांगायची, "पेणची." पेणची म्हटलं की लोक गणपतीचं विचारतात, मी हसते, विषय संपतो. माझ्या शेजारी बसणारी एक बाई होती, स्वभावानं चांगली, रोज डब्यातलं लोणचं देणारी. ती एकदा रस्त्यावर कातकरणी मासे विकत बसलेल्या बघून बोलली, "ह्यांना ना घर ना दार, कुठनं येतात देव जाणे." खिडकीतनं मी पण बघितलं. त्यातली एक माझी मावशी होती.

मी बोलले, "व्हय ना."

त्या सुनावणीच्या दिवशी बसमध्ये ते "व्हय ना" मला परत आठवलं. हॉलातला साहेब हसला म्हणून राग येत होता, पण मी तरी काय वेगळं करत होते? तो कागदावर पुसत होता, मी तोंडानं पुसत होते. लाईनवर उभी राहून खोकी बंद करताना मला स्वतःचीच एवढी किळस आली की दोनदा टेप चुकली.

*

घरी आल्यावर आय बाला सोडत नव्हती. "लय तोंड चालतं ना तुझं सायबांसमोर. आता जा, बस पान्यात." वाडीतले लोक समोर काय बोलत नव्हते, पण बा नदीवर आला की दोघंतिघं उठून जायचे. त्याच्यामुळं सगळ्यांची घरं गेली, असं वाडीनं धरलं होतं. बानं पण तसंच धरलं होतं. जेवण अर्धं टाकायचा. कोंडाच्या काठाला जाऊन बसायचा आणि पाण्यात हात घालायचा नाय. माणूस असा सुकत जातो हे मला ठाऊक नव्हतं. मला भीती वाटायला लागली की धरण व्हायच्या आधीच हा जाईल.

मी कचेरीत जाऊन पाहणीच्या कागदांची नक्कल मागितली. अर्ज स्वतः लिहिला. "कशाला पाहिजे?" "वाचायला." "तुम्ही वाचून काय करणार?" "वाचणार." पाच हेलपाटे झाले. सहाव्या वेळी गठ्ठा मिळाला. मी तो तिथंच, बाहेरच्या पायरीवर बसून वाचला. बाचं पान पहिलं होतं. "आम्ही परवा आलो." खाली अंगठा.

दुसरं पान शेजारच्या घराचं. "आम्ही परवा आलो."

तिसरं पान. "आम्ही परवा आलो."

मला आधी वाटलं, मी तेच पान परत बघतेय. नाय. वाडीतलं प्रत्येक घर परवा आलं होतं. एकच अक्षर, एकच वाक्य, खाली-वर काना-मात्रा सुद्धा तीच. पाहणीवाला बाच्या दारातच चहा पिऊन गेला होता. दुसऱ्या कुणाच्या दारात गेलाच नव्हता. बाचं एक वाक्य त्यानं सगळ्या वाडीला चिकटवून टाकलं होतं.

पुढं हिरू काकीचं पान आलं. हिरू काकीचे दोन्ही पाय लहानपणी गेले. ती भट्टीवर कधी गेली नाय, टेम्पोत कधी चढली नाय. सगळी वाडी भट्टीला गेली की हिरू काकी मागं राहते, दोन म्हाताऱ्यांबरोबर. दारं बघते, कोंबड्या राखते. ह्या बाईनं वाडी सोडून एक दिवस काढलेला नाय. आणि कागदावर ती पण परवा आलेली.

शेवटून तिसरं पान सोमा मामाचं होतं. "आम्ही परवा आलो." खाली अंगठा, चांगला ठसठशीत.

सोमा मामा पाहणीच्या आदल्या साली मेला. त्याचा दगड मी माझ्या हातानं नदीतनं काढून दिला होता.

मी त्या पायरीवर बसून हसले. मोठ्यांदा. येणारेजाणारे बघत होते, बघू देत. मेलेला माणूस परवा आला, अंगठा देऊन परत गेला! मग हसताहसता मला रडू फुटलं आणि रडतारडता राग आला. असा राग मला आधी कधी आला नव्हता. तोवर मला फक्त लाज यायची.

त्या दिवशी शिफ्ट बुडवली. तशीच डोंगर चढून वर गेले. बा कोंडावर बसला होता. त्याला एकेक पान वाचून दाखवलं. सोमा मामाच्या पानावर तो थांबला.

"ह्यो अंगटा कुनाचा मग?"

"त्याला विचारायला पाहिजे, ज्यानं लिवलं."

बानं आपला अंगठा त्या अंगठ्याशेजारी धरून बघितला. मग बोलला, "म्हंजे मी नाय."

"तू नाय बा. तू खरं बोललास. खोटं त्यांनी लिवलं."

मी त्याची माफी मागितली. हॉलात गप बस बोलले त्याची, लांब सरकले त्याची. तो बोलला, "जाऊ दे गो." मी बोलले, जाऊ द्यायचं नाय. आता काहीच जाऊ द्यायचं नाय.

*

दुसरी बैठक त्याच हॉलात होती. या वेळी संमतीपत्र. आम्ही ही जागा राजीखुशीनं सोडतो, असं लिहिलेलं, आणि खाली अंगठ्याला जागा. रोह्याजवळ कुठल्या चाळीत खोल्या देतो असं तोंडी सांगितलं होतं. कागदावर ते पण नव्हतं.

हिरू काकीला आम्ही झोळीतनं खाली आणली. बांबूला गोधडी बांधून, चार जणांनी आळीपाळीनं. ती वाटभर शिव्या देत होती, "माझी काय वरात काढताय रं मुडद्यांनो." पण केस विंचरून, चांगलं लुगडं नेसून आली होती.

कारकुनानं पहिलं बालाच पुढं बोलावलं. त्याचा हात धरला, अंगठा शाईच्या डबीवर दाबला, कागदाकडं ओढला. मी मधे हात घातला. बाचा अंगठा धरून माझ्या निळ्या शर्टाला पुसला. त्या दिवशी तो युनिफॉर्म मी मुद्दाम घातला होता.

"हे काय चाललंय?" साहेब बोलला.

"आधी वाचून दाखवा साहेब."

"तुला येतं ना वाचता? घे, वाच."

"मला येतं. ह्यांना येत नाय. मोठ्यांदा वाचा. मागल्या वेळी वाचलंत तसं."

शेठ खुर्चीतनं बोलला, "चार बुकं शिकली तर लगेच शेफारली बघा. तुझ्या आजाला आमच्या आजोबांनी बसवला त्या जागेवर, विसरलीस काय?"

मी बोलले, "शेठ, आता नक्की काय ते ठरवा. आम्ही परवा आलो, की तुमच्या आजोबांनी बसवलं?"

हॉलात कुणी हसलं नाय. शेठनं साहेबाकडं बघितलं, साहेबानं कागदाकडं. दोन खोटी एकाच खुर्चीत मावत नव्हती.

मग मी नकला टेबलावर ठेवल्या. हिरू काकीला पुढं आणली. बोलले, "साहेब, हिला विचारा, कधी आली."

साहेब कंटाळल्यासारखा बोलला, "कधी आलात आजी?"

"आत्ताच आले," हिरू काकी बोलली. "ह्यांच्या खांद्यावरनं. पन मला येक सांगा सायेब, त्या कागदावर जी परवा आली, माझ्या नावाची, तिला पाय व्हते का?"

आता हसली ती फरशी.

"आणि हे सोमा मामाचं पान," मी बोलले. "त्यालाही बोलवा. अंगठा हाय त्याचा. पाहणीच्या आदल्या साली मेलाय, पण तुमच्या कागदावर चालत आलाय, तर इथंही येईल."

साहेबानं पानं चाळली. एक, दोन, पाच, दहा. त्याच्या मानेला घाम आला तो मला दिसला. शेवटी बोलला, "लिपिकाची चूक झालेली दिसते."

चूक. सगळी वाडी पुसली, आणि चूक.

"मग दुरुस्त करा."

"असं बसल्याजागी होत नाही. फेरपाहणी करावी लागेल." त्यानं शेठकडं बघितलं, मग माझ्याकडं. "पण एक लक्षात ठेवा. त्या दिवशी जागेवर जो हजर असेल तोच धरला जाईल. बंद घर मोजणार नाही."

"कधी हाय फेरपाहणी?"

"मार्चमध्ये वगैरे. एप्रिलही लागेल. कळवू."

शेठच्या तोंडावर हसू आलं. मार्चात आमची वाडी रिकामी असते, हे त्याला ठाऊक हाय. त्याच्याच भावाची भट्टी हाय. आमचे लोक माझ्याकडं बघायला लागले, साहेब देतो बोलला ना, मग झालं की. त्यांना अजून कळलं नव्हतं. मला कळलं होतं. दिलं नव्हतं काही, उलट फास आणखी नीट बसवला होता.

संमतीच्या कागदावर त्या दिवशी एकही अंगठा पडला नाय.

*

कंपनीत मी सांगून टाकलं, मी पेणची नाय, वरच्या वाडीतली, कातकरी. लोणचंवाली बाई दोन दिवस दुसऱ्या सीटवर बसली. मग परत माझ्या शेजारी आली, पण लोणचं देत नाय. सुपरवायझर बोलला, "दिसत नाय गं तशी." मी विचारलं, "कशी दिसायला पाहिजे होते?" तो खोकी मोजायला लागला. आता मावशी रस्त्यावर दिसली की मी खिडकीतनं हात करते, ती टोपली सोडून दोन्ही हात हलवते.

दिवाळीनंतर मुकादमाचा टेम्पो खाली रस्त्याला आला. त्याच्या आधी आठ दिवस वाडीत रोज भांडण होतं. भट्टीला जायचं नाय, असं मी बोलले तेव्हा माझी आयच पहिली उठली. "तू पगार घेतेस, तुला बोलायला काय जातं? आमी काय खानार, दगड?" ती काय खोटं बोलत नव्हती. सहा महिने सगळ्या वाडीनं काय खायचं, ह्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. मी बोलले, माझा पगार वाडीचा. ती बोलली, तुझ्या पगारात वाडीला मीठ येईल. दोन घरांनी गाठोडी बांधायला घेतली.

तेव्हा बा उठला. त्या सुनावणीनंतर चारचौघांत तो पहिल्यांदा बोलला.

"कंद हाय, चिंबोरी हाय, मासं हाय. खाली कापनी-झोडनीचं काम गावंल तेवडं करू. पोटाला कमी पडंल. पडंल तर पडंल. पन त्यो कागदवाला येनार आनि आपून नसनार, असं आता व्हनार नाय. मी एक डाव फसलो. परत नाय."

आय उठून आत गेली आणि गाठोड्यातली भांडी काढून परत चुलीपाशी मांडली. भांड्यांचा आवाज मुद्दाम मोठा केला, रागात होती. अजून रागात हाय. दुसऱ्या दोन घरांची गाठोडी पण दुसऱ्या दिवशी सुटलेली दिसली.

मुकादम खाली हॉर्न वाजवत बसला, मग डोंगर चढून वाडीत आला. शिव्या दिल्या, धमकी दिली, पुढच्या साली कुणाला घेणार नाय बोलला. बानं त्याला पाणी दिलं. टेम्पो रिकामा परत गेला.

हे सांगतेय तेव्हा फेब्रुवारी चालू हाय. वाडीत असे दिवस मी जन्मात बघितले नव्हते, पळस फुललेला आणि घराघरातनं धूर निघतोय. पोरं शाळेत जातायत, पहिल्यांदाच अख्खं वर्ष. पोटाला कमी पडतंय, व्हय. दोन म्हातारी आजारी हायत. काही लोक माझ्या तोंडावर मला शिव्या देतात, मी ऐकून घेते. खालनं निरोप आलेला नाय. शेठ माणसं पाठवून बघतो, वाडी हलली का. वाडी हललेली नाय.

येऊ देत त्यांना मार्चात. नाय तर एप्रिलात, मेच्या उन्हात येऊ देत. प्रत्येक दार उघडं असेल आणि प्रत्येक दारात माणूस असेल. आणि या वेळी लिहिणाऱ्याच्या शेजारी मी उभी राहणार. त्यानं लिहिलेलं अक्षर न् अक्षर वाडीला मोठ्यांदा वाचून दाखवणार. एक जरी शब्द खोटा लिहिला, तर त्याच्या हातातलं पेन मी काढून घेणार.